नाकाला लागलेली हळद

आयरीन कादोता यांच्या पत्राला वेंडेल ट्रास्कने वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं एवढंच : "तुमचं नर आहे की मादी?"

झुडूप आपल्या भाषेत नपुंसकलिंगी असेल. पण कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासच्या टेकड्यांवरच्या या दुर्मिळ झुडपात नर वेगळा, मादी वेगळी. आयरीनबाईंच्या अंगणात मादी होती. म्हातारी, अर्धी वाळलेली. "पुढचा शरद हिचा शेवटचाच," असं त्यांनी लिहिलं होतं. "तुमचा नर असेल तर फुललेली फांदी न्यायला येईन. बी धरलं तर हिचा वंश तरी राहील."

वेंडेल निवृत्त ग्रंथपाल. पत्र आलं तेव्हा बहर सरलेला, म्हणून त्याने पुस्तकं उघडली. बी धरलं की मादीवर पांढरे तुरे येतात. त्याच्या अंगणातल्या झुडपावर कधीच आले नव्हते, म्हणजे नर. की नर न भेटलेली मादी? परक्या बाईंना चुकीचं कळवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

आता शरद आला, झुडूप फुललं. फुलं टाचणीच्या डोक्याएवढी, आणि नेमका चष्मा सापडेना. वेंडेलने सरळ फांद्यांत तोंड खुपसलं.

"डॉन वेंडेल!" कुंपणापलीकडून शेजारीण ओफेलिया नेहमीच्या स्पॅनिश आदराने ओरडली. "अहो, बकरी झालात की काय?"

"तपासतोय."

"वर्षभर तेच! त्या बाईंनी लग्नाचं विचारलं असतं तरी तुम्ही आधी पुस्तकच शोधलं असतं. इकडे बघा. अगं बाई, नाकाला काय फासलंय?"

वेंडेलने नाकावर बोट फिरवलं. बोट पिवळंधमक. नवरदेवाला हळद लागावी तसं.

"पराग," तो पुटपुटला. "ओफेलिया, हा नर आहे!"

"अभिनंदन, मुलगा झाला! लिहा आता."

"पण अजून एकदा खात्री..."

"नाक धुवायच्या आत लिहा. नाहीतर परत शंका येईल."

त्याने लिहिलं, 'नर आहे. लवकर या.' 'लवकर' आगाऊ वाटलं, खोडलं. मग ती वाळत चाललेली मादी आठवली, पुन्हा लिहिलं. तरी पत्र कोरडंच वाटलं, म्हणून खाली जोडलं : 'आम्ही दोघंही घरीच असतो.'

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी पाकीट हातातून सुटलं आणि त्याला ते वाक्य आठवलं. दोघं म्हणजे तो आणि झुडूप, हे लिहायचं राहिलंच होतं! त्याने फटीत हात घातला.

"हात बाहेर!" मागून ओफेलिया गरजली.

त्याने दचकून हात काढला. झाकणावर पिवळी बोटं उमटली. पत्र मात्र आत गेलं होतं.