काहिलीतली माणसं

या मित्रांनो, सतरंजीवर जरा पुढं सरकून बसा. आज कीर्तनकार बुवा आलेले नाहीत, गोष्ट मीच सांगणार आहे.

मी एक जुना कागद आहे. माझ्या एका अंगाला निरवांगीच्या हरिनाम सप्ताहाची पत्रिका छापलेली आहे. दुसऱ्या अंगावर अप्पांनी कीर्तन ऐकता ऐकता चित्र काढलं. त्या दिवशी बुवा म्हणाले, "पैलतीराला नेणारा बहुधा दिसत नसतो." अप्पांनी डोळे पुसले आणि खिशातली पेन्सिल काढली. चित्रकला त्यांना कुठली यायला? एक गोल नाव, आत दोन माणसं, एक गाठोडं आणि बाहेर पाण्यात एक वेडावाकडा गोळा. मग कितीतरी वर्षं मी पोथीत घडी होऊन पडलो. कुणी उघडून पाहिलं नाही.

अप्पा गेले. वर्षश्राद्धाला पोथी उघडली, त्यात मी सापडलो आणि मला काचेत बसवायचं ठरलं. त्यांची नात मोना छान चित्रं काढते. ती म्हणाली, "आजी, मी हे नीट करते. नाव कधी गोल असते का? आणि पाण्यात हा भोपळा कशाला?" तिने खोडरबर फिरवला. गोळ्याला चिकटलेली रेघ पुसली गेली. मित्रांनो, मला तोंड असतं तर ओरडलो असतो.

धोंडाबाई आजी चष्मा लावून वाकल्या. "थांब गं बये. नाव न्हाय ती, गूळ कढवायची काहील हाय. नीरा नदीला पूर, रस्ता पाण्याखाली, आन् तुझा बाप तापानं फणफणलेला. आत बसल्यात ती मी आन् तुझं आजोबा. ह्ये माझ्या मांडीवरलं गाठोडं म्हंजी त्योच."

"आणि भोपळा?"

"भोपळा म्हणलीस, ऐकून हसला असता. आपल्या गावच्या गेणूतात्याचं डोसकं हाय ते. काहिलीला वल्हं कुठलं? ह्यो पवत पवत ढकलत व्हता. पल्याड डॉक्टरच्या काठाला लावलं आमाला. च्या घ्या म्हणलं, तर म्हणतो, वहिनी, नीरंनंच पोट भरलंय."

मोनाने खोडरबर खाली ठेवला. "त्यांचा फोटो असेल ना कुठं?"

"कुठला फोटो? एकटा जीव, एकटाच गेला. हाय त्यो हितंच."

मोनाने पुसलेल्या रेघेवर बोट ठेवलं. "हा त्यांचा हात होता?"

"व्हय. काहिलीच्या काठाला धरलेला."

मोनाने पेन्सिल उचलली, पण स्वतः काढलं नाही. "आजी, तूच काढ. तू पाहिलायस तो हात."

आजींनी जन्मात पेन्सिल धरली नव्हती. रेघ वाकडीतिकडी निघाली, पण काहिलीच्या काठापर्यंत पोचली.

आता मी भिंतीवर काचेत आहे. मित्रांनो, जुन्या कागदावर खोडरबर फिरवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि संध्याकाळी देवापुढं हात जोडाल, तेव्हा गेणूतात्याची आठवण काढा. त्याच्या मागं त्याचं असं कुणी नाही.