बाविसावं पदक

जुन्या वस्तू गोळा करणाऱ्या माणसाला थोडंफार खोटं बोलावंच लागतं. कुणाच्या तरी आजीच्या समोर बसून, हातातलं चांदीचं पदक उलटसुलट करून, "जस्ताचं दिसतंय हो, पण तुमचा आग्रह आहे तर ठेवतो," असं तोंड पाडून म्हणायचं आणि कोपरा वळेपर्यंत हसायचं नाही. बिल्लेवाल्यांना हे छान जमायचं. पंचवीस वर्षांत त्यांनी अशा कितीतरी आज्यांवर उपकार केले होते.

गल्ली त्यांना बिल्लेवाले म्हणायची ते काही उगीच नाही. बिल्ले आणि पदकं पाडणाऱ्या कारखान्यात त्यांनी सारी हयात ठसे कोरण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर घरात दोन कपाटं भरून पदकं नि स्मृतिनाणी उरली. बायको होती तोवर म्हणायची, "घरात एवढा पराक्रम आहे, पण गळका नळ बघायला माणूस नाही."

या सगळ्यात त्यांचा जीव की प्राण म्हणजे गॅस कारखान्याच्या आगीची पदकं. पन्नास वर्षांपूर्वी तो कारखाना पेटला तेव्हा बावीस कामगार बाहेर पडलेले असूनही परत आत शिरले आणि अडकलेल्यांना खांद्यावर घालून घेऊन आले. कंपनीने त्या बावीस जणांना काशाचं एकेक पदक दिलं. एका बाजूला धुराडं, दुसऱ्या बाजूला तारीख, आणि कडेवर ज्याचं त्याचं नाव, एकेक अक्षर हातोडीने ठोकून उमटवलेलं. त्यातल्या एका अक्षराच्या ठशाचा पाय तुटका होता, त्यामुळे ते अक्षर बावीसच्या बावीस पदकांवर लंगडतं. जाणकार आधी ते लंगडं अक्षर शोधतो.

त्या बावीस जणांत बिल्लेवाल्यांचा दादा होता. वडील लवकर गेले, तेव्हा या धाकट्याला दादानेच वाढवलं, शिकवलं, बिल्ल्यांच्या कारखान्यात चिकटवून दिलं. आगीचा धूर त्याच्या छातीत बसला तो बसलाच. खोकत खोकत अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

एकवीस पदकं बिल्लेवाल्यांनी दारोदार फिरून मिळवली. बाविसावं घरचंच, म्हणून निर्धास्त होते. पण वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, "हरवलं, भावजी. घर बदलताना कुठे गेलं, कळलंच नाही." झालं. मखमली तबकात एक खाच रिकामी राहिली. पाहुणे तबक बघायचे आणि नेमकं त्या खाचेवर बोट ठेवायचे, समोरचा पडलेला दात दिसावा तसं.

पुढे गॅस कारखान्याचं भंगार निघालं. त्यात बिल्लेवाल्यांना दोन गोष्टी सापडल्या. नाव न ठोकलेलं, नमुन्याचं म्हणून ठेवलेलं एक पदक, आणि अक्षरांच्या ठशांची मूळ पेटी, लंगड्या अक्षरासकट. हात तर त्यांचा ठसे ठोकण्यातच मुरलेला. एका दुपारी त्यांनी दादाचं नाव ठोकलं आणि पदक खाचेत बसवलं. खाली चिठ्ठी ठेवली, 'प्रतिकृती'. ठेवली होती, हे खरं आहे. पण शहरातल्या संग्रहालयाला संच देऊ केला, तेव्हा त्यांनी कळवलं की तो पूर्ण बाविसांचा असेल तरच घेऊ, वेगळं दालन करू आणि दारावर तुमचं नाव लावू. त्या दिवशी चिठ्ठी तबकातून निघून टेबलाच्या खणात गेली. ती काही स्वतःच्या पायांनी गेली नाही.

उद्घाटनाला आठवडा उरला असताना संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. पोरगी वयाने लहान, पण कामाला चोख.

"सर, जरा येता का? तुमच्या वहिनी आल्यात. त्यांच्याकडेही एक पदक आहे."

बिल्लेवाले होते तसे निघाले. पोचले तेव्हा वहिनी खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि टेबलावर, उघडलेल्या रुमालावर, पदक होतं. वर्षानुवर्षं कुणी हात न लावल्याने काळसर, अगदी जसं असायला हवं तसं.

"पेपरात फोटो बघितला, भावजी," वहिनी म्हणाली. "खाली यांचं नाव. म्हटलं, यांचं पदक तर माझ्या पेटीत आहे, मग ते कोणाचं? हरवलं असं मी म्हणाले होते, ते खोटं होतं. तुम्ही मागायला आलात तेव्हा यांना जाऊन महिना झाला नव्हता. मी कशी आहे ते तुम्ही नंतर विचारलंत, पदकाचं आधी. राग आला होता मला. आता वाटलं, नीट जागी जात असेल तर जाऊ दे."

बिल्लेवाल्यांनी पदक उचललं. अंगठा सवयीने कडेवरून फिरला, लंगड्या अक्षरावरून पुढे गेला आणि एका खळग्याशी थांबला.

तो खळगा त्यांनीच पाडला होता. बारा वर्षांचे असताना हेच पदक चाकासारखं जिन्यावरून सोडलं आणि ते तिसऱ्या मजल्यावरून खालच्या फरशीवर आपटलं. आता मार बसणार म्हणून ते माळ्यावर लपले. दादाने त्यांना खाली उतरवलं, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बरं झालं. आता बाविसात मिसळलं तरी माझं कुठलं ते मला कळेल."

"सर, वजन करूया का?" बाईंनी काटा पुढे ओढला. "खरी सगळी एकाच वजनाची आहेत, तुम्हीच दाखवलं होतंत."

काट्यावर ठेवलं असतं तर दोन्ही सारखी भरली असती. मग एका माणसाला दोन पदकं कशी, हा प्रश्न आला असता, आणि तो विचारायला बाई मागेपुढे बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. अजूनही वेळ होता. खणात चिठ्ठी होती. 'चूक झाली' एवढे दोन शब्द पुरले असते.

"काटा कशाला?" बिल्लेवाले म्हणाले. "हाताला कळतं ना. पदकं दिली त्या समारंभाच्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर लोकांना आठवण म्हणून विकत होते, त्यातलं आहे हे. हौशी लोक त्यावर तिथेच, त्याच ठशांनी, हवी ती नावं ठोकून घ्यायचे. असली मी पाच-सहा बघितलीत."

आपला आवाज किती सहज निघाला याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. तो आज्यांसमोरचाच आवाज होता.

वहिनीने त्यांच्या हातून पदक घेतलं आणि रुमालावर ठेवलं. "म्हणजे यांनी खरं विकलं, आणि मला हे आणून दिलं?"

इथे गप्प बसले असते तरी चाललं असतं.

"तसं झालं असेल," बिल्लेवाले म्हणाले. "दादाला तेव्हा औषधाला पैसे लागत होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलला नसेल."

बाईंनी मान खाली घातली. त्यांना वहिनीची खरोखर दया आली होती. "आजी, हवं तर हेसुद्धा बाजूच्या कपाटात ठेवू आपण."

"नको, बाळा. भावजी म्हणतात म्हणजे तसंच असेल. त्यांना यातलं कळतं." वहिनीने पदक रुमालात बांधलं आणि उठली.

बिल्लेवाले तिला सोडायला जिन्यापर्यंत गेले. "वहिनी, थांबा, गाडी बघतो."

"चालेन मी." दोन पायऱ्या उतरून ती वळली. "तुमचा अंगठा खळग्यावर थांबला, ते मी बघितलं."

बिल्लेवाल्यांनी मागे दाराकडे बघितलं. "मग आत का नाही बोललात?"

"काय बोलू? तुम्हाला यांनी लेकरासारखं वाढवलं. परक्या पोरीसमोर तुमची अब्रू काढली असती तर यांना आवडलं नसतं." तिने रुमाल पिशवीच्या तळाशी सारला. "तुम्ही मात्र यांची काढलीत. आणि ती औषधं, विसरलात का, माझ्या बांगड्या मोडून आणली होती. तुम्हीच सोनाराकडे गेला होतात."

"वहिनी, मी दारावरचं नाव..."

"लावा नाव. येते मी, साहेब."

लग्न होऊन आल्यापासून तिने त्यांना भावजीशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. कठडा धरून, एकेक पायरी जोखत ती उतरली, आणि त्यांनी वर उभं राहून शेवटच्या पायरीपर्यंत बघितलं. तिने मागे पाहिलं नाही.

ते परत आत आले. बाईंनी एक छापील कागद पुढे केला. बावीसही पदकं अस्सल असल्याची मी स्वतः खात्री केली आहे, असं त्यावर लिहिलं होतं.

"वाईट वाटलं हो आजींचं," बाई म्हणाल्या. "नवऱ्यावर किती विश्वास होता त्यांचा. उद्घाटनाला पुढच्या रांगेत त्यांच्यासाठी खुर्ची ठेवू ना, सर?"

"ठेवा," बिल्लेवाले म्हणाले, आणि पेन मागून घेऊन त्यांनी सही केली.