घरोघर गेलेली ओवी

आशाबाईंनी जात्यात ज्वारीची मूठ टाकली, खुंटा धरला आणि गळा मोकळा केला. उंबऱ्यावर बसलेला गुणवंत पुढे वाकला.

वैनगंगेच्या पल्याड सांज लवकर ढळते
माह्या पत्रूची गं भूक कोनाले कळते

"पत्रू?"

"माह्या पोराच्या नावानं म्हनते मी. तुह्या मायचे बोल कसे होते, आता मले आठवत नाई, बापू."

गुणवंत नागपूरला कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होता. तो शिकायला म्हणून पहिल्यांदा गाव सोडून गेला, त्या वर्षी आईने त्याच्यावर ओवी रचली होती. हे त्याला कळलं ते आईच्या तेराव्याला, वडिलांच्या तोंडून. सुट्टीत तो घरी यायचा, पण पहाटे जातं घरघरू लागलं की हा पठ्ठ्या डोक्यावरून गोधडी ओढून घ्यायचा. आता ती ओवी आईच्या शब्दांत एकदा तरी ऐकायची, एवढाच त्याला ध्यास लागला होता.

"साऱ्या बाया तिच्याजवळ दळाले येत," वडील म्हणाले होते. "ओवी उचलत अन् आपल्या पोराचं नाव घालत. रीतच आहे थे."

म्हणून तो सकाळपासून दारोदार फिरत होता. जंगलाकडच्या टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, सोमारीच्या ओवीत वैनगंगा जाऊन पहाड आला होता आणि पहाडापलीकडे तिचा पोचू बांबू तोडत होता. दुसऱ्या एका घरी डोमा उपाशी होता. सगळ्या गावची पोरं उपाशी होती, फक्त याचाच पत्ता नव्हता.

क्वांटम शिकवताना तो वर्गात सांगे, अणूला भोवतालची हवा, उजेड भिडला की त्याच्या स्थितीची खूण त्याच्यापाशी राहत नाही. ती नष्ट होत नाही, आसपास पसरते. पण कुठल्याही एका कणाला विचारून ती परत मिळत नाही, आणि सगळ्यांना एकत्र कोण विचारणार? हे तो वर्षानुवर्षं मजेत सांगत आला होता. आज त्याला त्या वाक्याचा रागच आला.

वच्छलाबाईंच्या दारावरून तो न थांबताच पुढे चालला होता. लहानपणीच विधवा झालेली, मूलबाळ नसलेली बाई. ती कोणाच्या नावाने गाणार? पण त्यांनीच हाक मारली.

"जेवला काय, बापू?"

"हो, काकू." तो खोटं बोलला. मग निघता निघता उगाच म्हणाला, "मायची ओवी शोधून राह्यलो. तुमाले येते काय?"

वच्छलाबाई संकोचल्या. पदराशी चाळा करत, भिंतीकडे तोंड फिरवून त्यांनी हलकेच म्हटलं,

वैनगंगेच्या पल्याड सांज लवकर ढळते
माह्या गुनवंताची गं भूक कोनाले कळते

गुणवंत दारातच खाली बसला.

"काकू, तुमी नाव नाई बदललं?"

"कोनाचं घालू?" त्या म्हणाल्या. "तुह्या मायले इचारलं होतं मी. थे म्हने, राहू दे, त्याच्याच नावानं म्हन. पोरगा आपल्या दोघीइचा."

वच्छलाबाई आत गेल्या आणि काही न विचारता भाताचं ताट त्याच्यापुढे आणून ठेवलं.