‘शट’ म्हणजे कडी की नुसतं लोटलेलं

चौकशीच्या खोलीत दुभाषीबाई आठवडाभर शांत बसल्या होत्या. कामच तसं होतं. कामगार बोलतील ते इंग्रजीत उतरवायचं, आपलं मत आपल्यापाशी ठेवायचं. पण त्या दिवशी कंपनीचा वकील बोलायला उठला आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

कारखान्याच्या पॅकिंग विभागाला आग लागली तेव्हा मागचं दार उघडलं नाही आणि तिघीजणी आत गुदमरून गेल्या. वाचलेल्या एका मावशींनी तशी जबानी दिली होती. बाईंनी केलेल्या इंग्रजी नोंदीत शब्द होता ‘शट’. वकील गोड आवाजात म्हणाला, शट म्हणजे नुसतं लोटलेलं दार. ढकललं असतं तर उघडलं असतं. बायका घाबरल्या, त्याला कंपनी काय करणार?

मावशींना यातलं काही कळलं नाही. त्या दुभाषीबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डबा उघडलाच नाही. शेजारच्या वाचनालयातून जाडजूड इंग्रजी शब्दकोश काखोटीला मारून आणला आणि चौकशी अधिकाऱ्यांपुढे आदळला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, या शब्दाचा जुना अर्थच मुळी अडसर सरकवणे. गोळी झाडतात तो ‘शूट’ही त्याच मुळातला, कारण अडसरही तसाच सटकन जाऊन बसतो.

वकील हसला. “हजार वर्षांपूर्वीच्या अर्थाने आजची जबानी वाचायची?”

तो बरोबर बोलत होता, आणि म्हणूनच बाई आणखी भडकल्या. आता राग नुसता वकिलावर राहिला नव्हता. मावशी काय म्हणाल्या होत्या ते त्यांना लख्ख आठवलं. जबानीच्या संध्याकाळी बाईंना घरी जायची घाई होती, म्हणून अख्ख्या वाक्याच्या जागी एक शब्द ठोकून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

“कोश राहू द्या साहेब,” त्या म्हणाल्या. “चूक माझी आहे. मावशी ‘बाहेरून कडी घातलेली होती’ असं म्हणाल्या होत्या. जबानीचं रेकॉर्डिंग ऐका.”

रेकॉर्डिंग लावलं. वकील खाली बसला. अधिकाऱ्यांनी नोंद दुरुस्त केली आणि दुभाषीबाईंना त्याच दुपारी कामावरून काढलं.

जिन्यात मावशींनी गाठून विचारलं, काय झालं म्हणून. बाईंनी सगळं सांगितलं, स्वतःची चूकही.

“तीनदा म्हटलं होतं मी कडी,” मावशी म्हणाल्या. “तीनदा.” आणि बाईंकडे न बघता तरातरा खाली उतरून गेल्या.