समक्ष जागेवर

डिसेंबरातले ऊन माझ्या खोलीत एकदम येत नाही. आधी ते समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर थांबते. मग टाकीच्या काठावरून ओघळत गच्चीतल्या ओल्या कपड्यांत अडकते, आणि बऱ्याच वेळाने, मी त्याची वाट पाहायचे सोडून दिल्यावर, खिडकीच्या तीन गजांमधून फरशीवर उतरते. उतरले तरी त्याला घाई नसते. चहाच्या पातेल्याची एक बाजू, दिनदर्शिकेचे मागच्या महिन्यातच राहिलेले पान, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल, सगळ्यांना ते एकेक करून हात लावते. शेवटी दाराशी टेकवलेल्या सायकलच्या जाड टायरांवर येते. खाचांत मागच्या रविवारचा चिखल वाळलेला असतो, आणि त्या उन्हात त्या चिखलालाही काही किंमत असल्यासारखे वाटते. त्यानंतर ते टेबलाकडे वळते. टेबलावर स्टीलच्या पेल्याखाली एक कागद होता. ऊन तिथे पोचायच्या आत मी उठलो आणि सायकल बाहेर काढली.

कागद शुक्रवारी हातात पडला होता. माझ्या नावाचे शपथपत्र, टंकून तयार. सही तेवढी करायची होती.

"एवढं काय वाचून राहिलास त्यात?" तहसील कचेरीत शेजारच्या टेबलावरून माधवराव म्हणाले होते. ते अव्वल कारकून, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली. "मंगळवारी तारीख हाय. गेलो व्हतो म्हणायचं, सही ठोकायची, मोकळं व्हायचं."

"गेलोच होतो मी."

"मग तर झालंच की." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "खरं बोलायला कशाला भेतो?"

तीन वर्षांपूर्वी मी तलाठी म्हणून नवा होतो आणि करडवाडीचा कारभार माझ्याकडे जास्तीचा होता. तिथल्या गुणाबाईंनी अर्ज दिला होता, की शेजारच्या भुजंगरावांनी पिढ्यांची गाडीवाट नांगरून टाकली आणि आमचे शेत कोंडले. स्थळपाहणीचा हुकूम मला झाला. माझ्या अहवालावर अर्ज फेटाळला गेला. आता अपील लागले होते आणि वरच्या साहेबांना एवढेच हवे होते, की पाहणी मी स्वतः केली असे मी शपथेवर सांगावे.

तो दिवस मला आठवतो. ऑगस्टातला पाऊस नुकता थांबला होता. फाट्यावरच्या हॉटेलात भुजंगरावांनी भजी मागवली होती. "चिखल लई हाय साहेब, गुडघाभर. बुटं जातील," ते म्हणाले होते. मला अनोळखी माणसांसमोर नाही म्हणता येत नाही. तरीही मी शिवेपर्यंत गेलो होतो. तिथल्या कडुलिंबाखाली उभा राहून पाहिले होते. समोर नांगरलेले काळे रान होते, आणि वाट नव्हती. तीन वर्षे मी हे चित्र सांभाळून ठेवले होते.

सायकल त्यानंतरची. लातूरहून आणलेली, एकवीस गिअरची, डोंगरवाटांसाठी बनवलेली. आयुष्यात स्वतःच्या मनाने घेतलेली पहिली वस्तू. ऑफिसात मी फारसा बोलत नाही. रविवारी तर बोलण्याचे कारणच उरत नाही. बालाघाटाच्या या उतरत्या रांगांत, उदगीरपासून देगलूरपर्यंत, मी नव्या नव्या वाटा धुंडाळतो. इतर सायकलवाले फोनमधला नकाशा पाहतात. फोनमध्ये ही राने कोरी दिसतात. मी गावनकाशावरून पातळ कागदावर रेघा उतरवून नेतो. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट, तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट. ज्या चिखलासाठी माझी पावले एकदा थांबली होती, तोच चिखल शोधत मी आता सुट्टीच्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर जातो. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण पायडल मारताना माणूस स्वतःशी फार वेळ वाद घालू शकत नाही.

त्या रविवारी खिशातल्या कागदावर करडवाडीची दुहेरी रेघ होती. नवीन वाट म्हणून निवडली, असे मी स्वतःला सांगितले. लिंब पुन्हा एकदा पाहून घेऊ, एवढे मात्र मनाच्या तळाशी होते.

फाट्याकडून जायचे मी टाळले. मागच्या बाजूने माळावर चढलो. मुरूम सुटा होता. मागचे चाक फिरायचे आणि सायकल जागीच राहायची. मग मी उभा राहून, अंग पुढे झुकवून, सगळ्यात हलक्या गिअरवर एकेक हात वर सरकत गेलो. दोन्ही बाजूंना तरवड आणि वाळलेले गवत. मोज्यांत कुसळे रुतत होती. माथ्यावर पोचलो तेव्हा श्वासापलीकडे कसलाच आवाज नव्हता. खाली ज्वारीची पोटऱ्यात आलेली राने, मध्ये एक नाला, नाल्यापलीकडे पत्र्याचा एकुलता आखाडा. शेतातल्या वस्तीला आमच्याकडे आखाडा म्हणतात. त्याच्या बाजूला काहीतरी उन्हात चमकत होते.

उतार मी ब्रेकवर बोटे ठेवून उतरलो. एका वळणावर पुढचे चाक दगडावरून उडाले आणि क्षणभर दोन्ही चाके हवेत होती. अशा क्षणांसाठीच मी येतो. त्या क्षणात कोणाचीच सही लागत नाही.

नाल्याशी वाट संपली. काठ दोन पुरुष उंचीचे, तुटलेले. झाडाच्या मुळ्यांना धरून उतरण्याएवढी एक घसरण तेवढी होती. ती ताज्या पावलांनी गुळगुळीत झाली होती. मी सायकल खांद्यावर घेतली, तळाच्या पाण्यातून गेलो आणि पलीकडे गुडघ्यांवर रांगत चढलो.

आखाड्यापुढे एक म्हातारा बैलगाडीच्या चाकाशी बसला होता. गाडीच्या एका बाजूला ओंडक्याचा टेकू दिला होता. चमकत होती ती चाकावरची लोखंडी धाव. त्याने माझ्याकडे पाहिले, मग खांद्यावरच्या सायकलीकडे.

"बसायसाठी हाय का वागवायसाठी?"

आतून म्हातारी बाहेर आली. "कुटून आलास बाबा?"

"माळावरून, मावशी. फिरायला."

"मानसं फाट्यावरनं येतात, तू माळावरनं?"

"फाट्यावरनं वाट कुटं ऱ्हायली?" म्हातारा म्हणाला. "तू बी काय बोलतीस."

मी सायकल खाली ठेवली. "नाल्यापासून इकडेही वाट नाही, काका."

"व्हती," तो म्हणाला, आणि चिंधी वंगणात बुडवून पुन्हा आखाला लावू लागला.

म्हणजे त्या गुणाबाई, आणि हे त्यांचे मालक रामलिंग. अर्जावर मी त्यांची नावे वाचली होती, अंगठे पाहिले होते.

"धर जरा हितं," रामलिंग म्हणाले. "दोन मानसाचं काम हाय. ही धरती, पर तिचं मनगट गेलंय."

मी चाक धरले. त्यांनी आखाचा खिळा पुन्हा बसवला. मग त्यांनी हाताने चाकाला झोका दिला. चाक हवेत फिरत राहिले, कितीतरी वेळ.

"आवाज हाय का?"

"नाही."

"येळवस आली की वंगन द्यायचंच. आमच्या बापापासनं हाय."

येळवस आठवड्यावर आली होती. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडची गावे ओस पडतात. पालेभाज्या-शेंगांच्या घट्ट भज्जीची पातेली आणि आंबिलीचे मडके गाडीत घालून घरेच्या घरे शेतात जेवायला जातात. सोयरेधायरे येतात, अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात.

"बैल कुठे बांधलेत?"

"बैल?" रामलिंग हसले. "बैल देवनीच्या बाजारात. इकून तीन साल झाले. नाल्यातनं उतरिवले, दोऱ्या लावून. गाडी काय उतरना. ऱ्हायली."

"मग वंगण कशाला?"

"चालत न्हाई म्हनून गंजू द्यायची व्हय?"

गुणाबाईंनी पितळी तांब्यात ताक आणले. "आदी लेक यायची हदगावास्नं, रेनुका. पोराबाळांस्नी घिऊन फाट्यावर उतरायची. हे गाडी घिऊन जायाचे, घुंगरं बांदून. आता नाल्यातनं लेकरं घिऊन कशी यील? तिनंच अपील केलंय म्हना. मंगळवारी तारीक हाय."

मी ताक प्यालो. ते गार आणि किंचित आंबट होते. मान वर करावीशी वाटेना.

"तू शिकल्याला दिसतूस," त्या म्हणाल्या. "एक कागद हाय. वाचून दाव. रेनुका फोनवर सांगती, पर डोक्यात ऱ्हात न्हाई."

खुंटीवरची प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी काढली. आतल्या कागदाच्या घड्या फाटत आल्या होत्या. माझेच अक्षर त्यावर होते. मी मोठ्याने वाचले, "समक्ष जागेवर जाऊन पाहणी केली असता, सदर ठिकाणी गाडीवाटेच्या कोणत्याही खुणा आढळून आल्या नाहीत." वाक्य सुबक होते. लिहिताना त्याच्या बांधणीचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

"समक्ष म्हंजी?"

"म्हणजे... स्वतःच्या डोळ्यांनी."

"कुनाच्या डोळ्यांनी?" गुणाबाई म्हणाल्या. "आमी त्या दिवशी सकाळपासनं हितं बसून व्हतो. साहेब यायचाय म्हनून च्याला दूद ठिवलं व्हतं. सांजंपतूर नासलं. कुनी आलं न्हाई."

"त्येला एकच इचारायचं व्हतं मला," रामलिंग म्हणाले. त्यांनी गाडीच्या साटीवर थाप मारली. "ही गाडी हितं आली कुटनं? आभाळातून पडली व्हय?"

मी कागदाची घडी घालू लागलो. ती जुन्या रेघेवर बसेना.

"लांबून पाहिले असेल त्यांनी," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "शिवेवर लिंबाचे झाड आहे ना, तिथून."

"लिंब?" दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "शिवंवर चिच हाय. लिंब कुटं हाय हितं?"

"आधी असेल."

"माजं लगीन होऊन पन्नास साल झाले. चिचच हाय." गुणाबाईंनी कागद माझ्या हातातून घेतला आणि मला परत दाखवला. "हितं खाली नाव कुनाचं हाय रं?"

सहीखाली नावाचा शिक्का होता. श्रीशैल, वडिलांचे नाव, आडनाव, हुद्दा. मी ते वाचले. मनात वाचले.

"सही नीट लागत नाही, मावशी."

"ऱ्हाऊ दे. मोठ्या मानसाच्या सह्या अशाच." त्यांनी पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

किती तरी वेळ त्या माझ्याकडे निरखून पाहत आहेत असे मला वाटत होते. पण तसे काही नव्हते. त्यांनी मला ओळखायचे कारणच नव्हते. त्यांनी मला याआधी कधी पाहिलेच नव्हते.

मी निघालो तेव्हा रामलिंगांनी टेकू काढला. गाडी जमिनीवर बसली, आणि चाकाखाली तीच जुनी खळगी होती, वाटीएवढी खोल.

"नाल्याकडनं जाऊ नको," गुणाबाई म्हणाल्या. "भुजंगाच्या रानातनं सरळ जा, फाटा समूरच हाय. आमाला मनाई हाय. तुला कोन काय म्हनंल? तू आपला फिरायला आल्याला." मग मागून म्हणाल्या, "येळवसीला ये भज्जी खायाला. गाडी पाटवली असती, पर..." त्यांनी वाक्य तिथेच सोडले आणि तांब्या विसळायला घेतला.

बांधावर खरोखर चिंच होती, जुनी, बुंध्याला ढोली पडलेली. एका बाजूची साल गाडीच्या आखाच्या उंचीवर घासून गुळगुळीत झाली होती. तिथे मी सायकलवरून उतरलो आणि हरभऱ्यातून ती हाताने ढकलत नेऊ लागलो.

हरभरा चांगला वीतभर वाढला होता, गर्द हिरवा. फक्त दोन पट्ट्यांत तो वाढला नव्हता. चिंचेपासून फाट्यापर्यंत, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, रोपे पिवळी, खुरटी, बोटाएवढी राहिली होती. पन्नास-साठ वर्षे गाडीच्या चाकांनी दाबलेली जमीन तीन वर्षांच्या नांगरटीला दाद देत नव्हती. खिशातला कागद काढायची गरज नव्हती. कागदावरची दुहेरी रेघ समोर रानात उगवून आली होती. मी वाकून एका पट्टीत बोट रोवून पाहिले. नख गेले नाही. बाजूला, गर्द हिरव्यात, बोट सहज आत गेले.

समोर फाट्यावरचे हॉटेल दिसत होते. पुढचा बाकही दिसत होता, ज्यावर बसून मी तो अहवाल लिहिला होता. चालत चारशे पावले असतील.

इतक्या स्पष्ट खुणा होत्या, की इथे येऊन उभ्या राहिलेल्या कोणालाही त्या दिसल्या असत्या.

मी आलो नव्हतो.