डावा राखे घराला

“उजवा जाई कामाला, डावा राखे घराला...”

आईचा हा सूर धाकटीच्या कानात कधीपासून होता, तिलाच ठाऊक नव्हतं. अंगाई असावी. लेकीला मांडीवर घेऊन तीही हेच गुणगुणली होती.

लेक निघाली डावखुरी. थेट मावशीसारखी. चमचा डाव्या हातात, खडू डाव्या हातात. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं म्हणत, “अगं बाई, ही तर मावशीवर गेली!” धाकटी हसून मान हलवी, आणि आत कुठेतरी सुई मोडून रुतावी तसं होई. कळा मी सोसल्या, आणि पोर गेली कुणावर, तर ताईवर!

धाकटी कपडे शिवायची. ताई दोन गल्ल्या पलीकडे सोफ्यांची कव्हरं. आता लेक आईच्या टेबलाशी बेतायला शिकत होती, पण आईची कात्री तिच्या हातात कापड कापायच्या ऐवजी चघळायची.

“कात्री धरलीयस की चिमटा?” धाकटी म्हणायची.

त्या दुपारी ताई आली आणि पिशवीतून एक कात्री काढून टेबलावर ठेवली. “डाव्या हाताची आहे. हिने काप बघू.”

लेकीने अस्तराच्या तुकड्यावर कात्री चालवली. कापड न कुरकुरता दुभंगत गेलं.

“आई, मला खडूची रेघ दिसतेय! आत्तापर्यंत पात्याखाली लपायची.” मग मावशीकडे वळून, “उद्यापासून तुझ्याकडेच येऊ शिकायला?”

“जा की,” धाकटी म्हणाली. “तिचीच तर आहेस. मी आपली नऊ महिने जागा भाड्याने दिली होती.”

लेकीचा चेहरा पडला. तिने कापड भर्रकन बाजूला सारलं, तसा बटणांचा डबा टेबलावरून घसरला. धाकटीने न बघताच तो वरच्या वर झेलला.

“कुठल्या हाताने झेललास?” ताईने विचारलं.

धाकटीने खाली पाहिलं. डावा.

“असेल. त्याचं काय एवढं?”

ताई स्टुलावर बसली. “ती अंगाई नव्हे गं. तू माझ्याहून पक्की डावरी होतीस. माझ्यापुढे आईने हात टेकले होते, म्हणून तुझ्या वेळी आधीच सावध झाली. रोज सकाळी तुझा डावा हात फ्रॉकच्या आत घालून वरून पट्टा बांधायची. तू रडायचीस, म्हणून ते गाणं.”

मशीनवरचा धाकटीचा पाय केव्हाच थांबला होता. लेक आईच्या डाव्या हाताकडे बघत होती.

“आणि तू आज सांगतेस? इतकी वर्षं गप्प बसून?”

ताईने कात्री उचलली, मिटली, पुन्हा ठेवली.

“लोक म्हणायचे ना, मावशीवर गेली. फार गोड लागायचं कानाला. पोर तुझ्यावर गेलीय, बाई. कौतुक तुझं होतं. मी ठेवून घेतलं.”