डाव्या कानातल्या बाई

रोज संध्याकाळी सात वाजता ताई जगाला सांगत, की कोणत्या नायकाने केस कापले.

एकोणीस वर्षं त्यांनी हे काम अतिशय गांभीर्याने केलं. कुणाचं जुळलं, कुणाचं फाटलं, कोणत्या नायिकेच्या कुत्र्याला सर्दी झाली, यातलं एकही वाक्य त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. एका नायकाची तीन लग्नं आणि चार घटस्फोट त्यांनी स्वतः जाहीर केले. हे जुळत नाही, असं सगळ्या प्रेक्षकांमधून फक्त त्यांच्या नवऱ्याच्या लक्षात आलं. तो शाळेत गणित शिकवायचा.

पडद्यावर ताई एकट्या दिसत, पण एकट्या नसत. डाव्या कानात, केसांच्या आड, शेंगदाण्याएवढं एक यंत्र असे आणि त्या यंत्रात बाई असत. बाई म्हणजे या कार्यक्रमाच्या निर्मात्या. वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बारा पडद्यांपुढे बसायचं आणि खाली स्टुडिओत बसलेल्या ताईंच्या कानात बोलत राहायचं, हे त्यांचं काम.

"मान सरळ कर." "दहा सेकंद." "पुढची बातमी गाळ, लग्न मोडलं नाही म्हणे, नुसतं भांडण होतं." "हस. अगं एवढं नको, माणूस वारलाय."

या धंद्यातला पहिला धडा असा, की कानातल्या आवाजाने सांगितलेलं लगेच करायचं आणि त्याला उत्तर मात्र कधीच द्यायचं नाही. उत्तर दिलं तर लाखो घरांत ऐकू जातं. हा धडा अंगवळणी पडायला ताईंना सहा महिने लागले, आणि पडला तो असा पडला, की घरीसुद्धा सुटेना. उजव्या बाजूने काही सांगितलं, की त्या वाद घालत. डाव्या बाजूने सांगितलं, की एक शब्द न बोलता उठून ते काम करत. घरातल्यांनी या गोष्टीचा गैरफायदा घेतला नाही असं म्हणता येणार नाही. ताई पेपर वाचत असताना नवऱ्याने एकदा डाव्या कानात सांगितलं, "मी दुर्बीण घेतोय, मोठी." ताईंनी मान डोलावली. ती दुर्बीण आजही गॅलरीत उभी आहे. तिच्यावर टॉवेल छान वाळतात.

त्यामुळे ताईंचा डावा कान गेल्याचं घरच्यांना आधी कळलं आणि ताईंना नंतर.

एका रविवारी नवरा डाव्या बाजूने म्हणाला, "दूध ठेवलंय, बघ जरा." दूध उतू गेलं, करपलं, भांडं काळं पडलं. ताई तिथंच बसून नखं रंगवत होत्या.

मुलगी वडलांना बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, आईनं ऐकलं नाही."

"रागावली असेल."

"डाव्या कानाने आई रागावत नाही. थांबा." ती आईच्या डाव्या खांद्याशी जाऊन उभी राहिली. "आई, मी नोकरी सोडून सर्कशीत चाललेय."

ताई नखांवर फुंकर घालत राहिल्या.

"मीपण जातोय हिच्याबरोबर," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात आता गंमत राहिली नव्हती.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नस थकली आहे असं सांगितलं. श्रवणयंत्राचा थोडा उपयोग होईल, पण त्याच कानात दुसरं यंत्र घालता येणार नाही. "तुम्ही काम काय करता?"

"बातम्या सांगते."

"मग काळजी कसली? तुम्हाला बोलायचं, ऐकायचं थोडंच आहे?"

"ऐकायचंच आहे हो," ताई म्हणाल्या. "बोलायला काय, कुणीही बोलेल."

त्याच सुमारास वाहिनीवर नवे साहेब आले. वय चौतीस, बुटात मोजे नाहीत. ताईंचा करार महिनाअखेर संपत होता. साहेबांनी त्यांना बोलावून प्रेमाने खुर्ची दिली आणि टेबलावरच्या फुलदाणीकडे बघत म्हणाले, "सातच्या वेळेला ना, ताई, थोडा ताजेपणा हवाय. बघू. महिनाभर बघू."

म्हणजे महिनाभर चूक नको. आणि त्याच आठवड्यात बाईंचं "थांब" ताईंना दोनदा ऐकू आलं नाही. एका वयस्कर नायकाला हृदयविकाराचा झटका आल्याचं त्या सांगत होत्या, ते वाक्य मधेच तुटलं आणि पडद्यावर गादीची जाहिरात सुरू झाली. गाढ झोपेची हमी होती.

"बाईंना सांगून टाक," नवरा म्हणाला.

"सांगितलं तर त्या सांभाळून घेतील. आणि कुणी सांभाळून घेतंय हे लगेच दिसतं हो. मी यंत्र उजव्या कानात घालते. कुणाला कळायचं नाही."

मुलगी म्हणाली, "आई, तुझा उजवा कान उत्तर देतो."

"मी एकोणीस वर्षं या धंद्यात आहे."

"तेच म्हणतेय मी."

मग घरी सराव सुरू झाला. नवऱ्याने वर्तमानपत्राचा कर्णा केला आणि तो उजव्या कानाला लावून बाईंच्या थाटात बोलू लागला.

"मान सरळ कर."

"सरळच आहे!"

"दहा सेकंद."

"कशाला दहा?"

"हस."

"हसण्यासारखं काही बोलला आहात का तुम्ही इतक्या वर्षांत?"

तीन संध्याकाळी असं चाललं. चौथ्या संध्याकाळी ताई चाळीस मिनिटं गप्प बसल्या. घरातली पहिलीच वेळ ती. नवऱ्याला इतकं चुकल्यासारखं झालं, की तोच मधे दोनदा उठून पाणी पिऊन आला.

दुसऱ्या दिवशी केसांचा भांग बदलून, यंत्र उजव्या कानात घालून ताई खुर्चीत बसल्या. पहिली पंधरा मिनिटं उत्तम गेली. बाई बोलत होत्या, आवाज खणखणीत येत होता, ताई ओठ घट्ट दाबून हसत होत्या.

मग पाहुणे आले. सिनेमावाले त्यांना 'दारवाले काका' म्हणत. चाळीस वर्षांत त्यांनी पावणेतीनशे सिनेमांत दार उघडलं होतं. बंगल्याचं, हवेलीचं, एकदा चुकून तुरुंगाचंसुद्धा. घंटा वाजायची, काका दार उघडायचे, "कोण पाहिजे?" विचारायचे आणि बाजूला व्हायचे. पुढचा सिनेमा दुसऱ्यांचा. या वयात त्यांना कामगार संघटनेने एक छोटं मानचिन्ह दिलं होतं, म्हणून चार मिनिटांची मुलाखत होती. काकांनी धुतलेला कोट घातला होता आणि स्टुडिओत येताना सवयीने दार धरून कॅमेरामनला आधी आत जाऊ दिलं होतं.

"काका," ताईंनी विचारलं, "कधी मोठं वाक्य मिळालं का हो तुम्हाला?"

"मिळालं होतं की. एकदा." काका खुर्चीत पुढे सरकले. "दोन दिवस पाठ केलं. बायकोलासुद्धा म्हणून दाखवलं. छान झालं म्हणाले सगळे. सिनेमा लागला, आम्ही दोघं बघायला गेलो, तर कापलेलं. सिनेमा लांबला होता म्हणे."

"काय होतं वाक्य?"

काकांनी तोंड उघडलं. मग मिटलं. छताकडे पाहिलं. हात कोटाच्या खिशात गेला, जसं काही वाक्य तिथं ठेवलेलं असावं.

टीव्हीवर तीन सेकंदांची शांतता म्हणजे संकट. पाच सेकंदांची म्हणजे अपघात. सहाव्या सेकंदाला बाईंचा आवाज आला, "आठवत नाहीये त्यांना. काप. पुढच्या बातमीवर चल."

आणि ताई जगासमोर, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "थांबा हो बाई. एकदा कापलंय त्यांचं. आता आपण नको."

वरच्या खोलीत बारा पडद्यांपुढे बाई जागच्या जागी गोठल्या. कॅमेरामनने कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. ताईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं; आपण काय केलं हे त्यांना कळलं होतं, पण आता मागे घेता येत नव्हतं, म्हणून त्या काकांकडे बघत बसल्या. अकरा सेकंद गेले. बाईंनी 'पुढे चल'चं बटण दाबलं नाही.

"हां," काका म्हणाले. ते उठून उभे राहिले. बसून म्हणायचं वाक्य नव्हतं ते. एक हात त्यांनी दारावर ठेवल्यासारखा हवेत ठेवला. "साहेब घरी नाहीत. पण तुम्ही आत या. बाहेर फार गार आहे."

मग ते खाली बसले आणि म्हणाले, "एवढंच होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी ताईंना आणि बाईंना एकत्र बोलावलं. ताई रात्रीच घरी म्हणाल्या होत्या, "संपलं." नवऱ्याने त्यांची उशी झटकून दिली होती.

साहेब मात्र खुशीत होते. "लोकांना फार आवडलंय! काल रात्रीपासून तोच तुकडा सगळीकडे फिरतोय. हे आपण रोज करू. सात वीसला बाई काहीतरी बोलतील, ताई फटकन उत्तर देतील. एकदम उत्स्फूर्त. आदल्या दिवशी लिहून घेऊ."

"उत्स्फूर्त," बाई म्हणाल्या, "आदल्या दिवशी."

"हो, म्हणजे घाई नको. ताई, करार दोन वर्षांचा करतो."

ताईंना नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. खुर्ची राहत होती, चूक शाबासकी होऊन परत आली होती. पण त्यांना काकांचा तो हवेतला हात दिसत राहिला, आणि तसला हात रोज सात वीसला लिहून घ्यायचा, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"साहेब, ती गंमत नव्हती. माझा डावा कान गेलाय. यंत्र उजव्यात घातलं होतं, आणि उजव्या कानाला उत्तर द्यायची खोड आहे."

साहेबांनी फुलदाणीकडे पाहिलं. बाई मात्र खुर्चीसकट वळल्या.

"कधीपासून?"

"झाले पाच महिने. आधी थोडं येत होतं. गेला महिनाभर जवळजवळ नाहीच."

"म्हणून तू ऐकत नव्हतीस?"

"हो."

"अगं, मला वाटलं तू माझ्यावर रागावलीयस! मी म्हटलं, फार ओरडते मी हिच्यावर, एवढी वर्षं झाली, कंटाळली असेल. म्हणून महिनाभर मी किती हळू बोलत होते तुझ्याशी!"

"हळू?"

"अगदी मऊ."

"अहो बाई!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग अशा हसायला लागल्या, की बाईंना चष्मा काढावा लागला. एकोणीस वर्षांत एका खोलीत, समोरासमोर त्या पहिल्यांदाच हसत होत्या. एरवी एकीने बोलायचं आणि दुसरीने गप्प राहायचं, असाच त्यांचा स्नेह होता.

साहेबांनी त्यांचं हसू ओसरू दिलं. हे त्यांच्याकडून कुणी अपेक्षिलं नव्हतं. "खोड जायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं.

"डाव्या कानाला गप्प राहायची सवय लागायला सहा महिने लागले होते."

"मग सहा महिन्यांचा करार. खोड गेली तर पुढचा."

"आणि नाही गेली तर?" हे कुणीच विचारलं नाही.

सहा महिने ताईंनी कसून प्रयत्न केला. पहिल्या आठवड्यात बातम्यांमध्ये रोज दहा-अकरा वेळा "हो बाई" ऐकू येई. प्रेक्षकांची पत्रं आली, 'या बाई कोण, त्यांची तब्येत बरी आहे ना?' नवऱ्याने भिंतीवर आलेखाचा कागद लावला आणि रोजचं टिंब तो स्वतः मांडू लागला. रेघ हळूहळू उतरत गेली. दहा, सात, चार. पाचव्या महिन्यात दोन. एका गुरुवारी ती तळाला टेकली. मुलीने टाळ्या वाजवल्या. नवरा म्हणाला, "वक्र सुंदर आहे," आणि गणिताच्या माणसाकडून याहून मोठं कौतुक होत नाही.

शेवटच्या शुक्रवारी साहेब स्वतः काचेच्या खोलीत येऊन उभे राहिले. हातात पुढच्या कराराचा कागद होता. खाली ताई बोलत होत्या. बाई सूचना देत होत्या. मान सरळ, मान सरळ होई. हस, हसू येई. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एकही "हो बाई" नाही.

"गेली की खोड!" साहेब म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. पण त्या खुर्चीत नीट टेकून बसेनात. एकोणीस वर्षं उत्तराशिवाय त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. मधल्या सहा महिन्यांनी घोटाळा केला होता. त्यांनी एक सूचना दिली, वाट पाहिली. दुसरी दिली, वाट पाहिली. मग त्यांनी बोलायचं बटण दाबलं, आणि साहेब शेजारी उभे आहेत हे विसरून म्हणाल्या, "अगं, येतंय ना ऐकू?"

खाली ताई एका नायकाच्या नव्या घराची बातमी सांगत होत्या, दिवाणखान्यापर्यंत पोचल्या होत्या. त्या थांबल्या. वर साहेब आहेत हे त्यांना माहीत होतं. कागदही माहीत होता.

"येतंय बाई," त्या म्हणाल्या. "स्पष्ट येतंय." आणि तिथून पुढे त्यांनी त्या घराचा पोहण्याचा तलाव दाखवला.

साहेबांनी कागदाकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई पडद्याकडे बघत होत्या आणि चष्मा पुसत होत्या, त्यामुळे त्यांना पडद्यावरचं काही दिसत नसणार.

"हे आदल्या दिवशी लिहून ठेवलं होतं?"

"नाही हो."

साहेबांनी खिसे चाचपले. "पेन आहे का तुमच्याकडे?"

"थांबा," बाई म्हणाल्या. "दहा सेकंद. जाहिरात येतेय."